येणं बाकी: ठाणे, येऊर, शहापूर, बेलापूर (चार दिवसांची नोंद)

मी ठाण्यात एका छोट्या संस्थेत अकरा वर्षं काम करतेय, प्रोजेक्ट लिहायचे, रिपोर्ट लिहायचे, आणि बाहेरून कोणी आलं की दुभाषी म्हणून सोबत जायचं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला पैसे देणाऱ्या परदेशी संस्थेकडून एक ताई आल्या, मूळच्या नैरोबीच्या. चार दिवस त्यांच्याबरोबर फिरले. असे दौरे मी खूप केलेत पण हा डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून काढतेय, लांबलंय जरा.

दिवस पहिला, सोमवार. ठाणे

सकाळी त्यांना तलावपाळीवरून फिरवून मामलेदार मिसळ खायला नेलं. तिखट झेपेल का अशी धाकधूक होती पण त्यांनी मिडीयम मागवून तर्री पण घेतली वर. मामलेदार म्हणजे काय विचारलं त्यांनी, तर सांगितलं की तालुक्याचा महसुली अधिकारी, आता तहसीलदार म्हणतात, कचेरी इथे बाजूलाच म्हणून मिसळीला ते नाव पडलं. त्यावर त्या म्हणाल्या की चार दिवसांत मला हे माणूस कोण, त्याची कचेरी कुठे, त्याच्याकडे लोक कसे जातात हेच बघायचंय, तुमची शिबिरं आणि वाटपाचे फोटो मी मेलवर बघितलेत.

मग ऑफिसला मीटिंग. आमचा पुढच्या तीन वर्षांचा प्रपोजल समोर ठेवला, त्यात पहिल्याच पानावर लाभार्थी १२ पाडे, लाभार्थी महिला इतक्या, लाभार्थी मुलं इतकी. आपल्याकडे हा शब्द इतका अंगवळणी पडलाय की त्यात काही खटकत नाही, सरकारी योजनेच्या यादीपासून लग्नाच्या अनुदानापर्यंत सगळीकडे लाभार्थीच. ताईंनी त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, ह्या लोकांना पाणी मिळालं तर तो लाभ आहे का?

आमचे सर, म्हणजे संस्थेचे प्रमुख, म्हणाले, अर्थात.

त्या म्हणाल्या, मग नाही मिळालं तर काय? लाभ नाही मिळाला, नशीब, एवढंच ना. पण हक्क असेल तर नाही मिळाला म्हणजे कोणीतरी चुकलंय, आणि कोण चुकलंय ते शोधता आलं पाहिजे.

ज्यांना ह्या क्षेत्राशी काही देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जगभर मदतीचं काम बरीच वर्षं गरज बघून चालायचं, गावात काय नाही याची यादी करायची, पैसे आणायचे, ते बांधायचं, फोटो काढायचा. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या एजन्सींनी मिळून एक समान भूमिका ठरवली की विकासाचा प्रत्येक कार्यक्रम मानवी हक्क पुढे नेण्यासाठी असावा, त्याची मोजपट्टी हक्कांचे करार असावेत, आणि काम दोन्ही बाजूंनी व्हावं, म्हणजे ज्यांचा हक्क आहे त्यांना तो मागता यावा आणि ज्यांच्यावर जबाबदारी आहे त्यांना ती पार पाडता यावी. हे दुसरं टोक आपण कायम विसरतो. पाड्यावर दहा मीटिंगा घेतो आणि ग्रामसेवकाकडे तीन गावं आहेत, त्याला अंदाजपत्रक करायला इंजिनियर मिळत नाही, त्याच्याशी कोणी बोलतच नाही.

आमच्यातला एक नवीन मुलगा म्हणाला की हे हक्क वगैरे बाहेरून आलेलं आहे. मला हे दर वेळी ऐकावं लागतं आणि दर वेळी राग येतो. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम आज 'सर्व माणसं' म्हणून वाचलं जातं ते आपल्या हंसाबेन मेहतांमुळे, मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा शब्द होता तो त्यांनी भारताच्या प्रतिनिधी म्हणून भांडून बदलून घेतला. आणि रोजगार हमी? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सुरू झाली, १९७७ ला कायदा झाला, काम मागितलं तर द्यायचंच, देशाने २००५ ला तीच कल्पना घेतली. काम मागण्याचा अर्ज भरून पोचपावती घेणाऱ्या बाईला हक्क म्हणजे काय हे जिनिव्हातून कोणी शिकवायची गरज नव्हती.

संध्याकाळी मी माझ्या वहीत, ज्यांचा हक्क आहे ते आणि ज्यांच्यावर जबाबदारी आहे ते, ह्यांना मराठीत काय म्हणायचं ते लिहून बघत होते. हक्कधारक, कर्तव्यधारक. पाड्यावर जाऊन हे बोलले असते तर सगळ्या नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या असत्या.

दिवस दुसरा, मंगळवार. येऊर

उपवनच्या पुढे चढ लागला की ठाणं संपतं असं बाहेरच्यांना वाटतं. फॉरेस्टच्या गेटवर नोंद करून आत गेलो. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे, तिथे आदिवासींचे पाडे आहेत, आणि त्यांच्या शेजारी बंगले, हॉटेलं, क्रिकेटचे टर्फ पण आहेत. रात्री दिवे, डीजे. एका आजोबांच्या ओट्यावर बसलो, त्यांना घराचं छप्पर दुरुस्त करायचं तर परवानगीचा प्रश्न येतो आणि समोरच्या बाजूला अख्खी भिंत उभी राहते हे त्यांनी काही चिडून नाही सांगितलं, पावसाबद्दल बोलावं तसं सांगितलं.

ताईंनी इथे तीन गोष्टी समजावल्या त्या मला फार उपयोगी वाटल्या. सरकारवर हक्काची जबाबदारी तीन पदरी असते. एक, आदर करायचा, म्हणजे स्वतः कोणाचं घर, शेत, पाणी हिसकावायचं नाही. दोन, संरक्षण, म्हणजे दुसरा कोणी हिसकावत असेल तर अडवायचं. तीन, पूर्तता, म्हणजे नसेल तर उभं करायचं. आमच्यासारख्या संस्था कायम तिसऱ्यातच शिरतात कारण तिथे पैसे खर्च होतात आणि काही तरी दिसतं. येऊरच्या आजोबांना छप्पर आणि सोलर दिवा देणं सोपं आहे. त्यांचा प्रश्न पहिल्या आणि दुसऱ्या पदरातला आहे, आणि त्यात पडायचं म्हणजे कोणाशी तरी वाकडं घ्यायचं.

दुपारी दीडला उतरलो, ऊन मरणाचं होतं. बाकी दिवस ऑफिसात हिशोब तपासण्यात गेला.

दिवस तिसरा, बुधवार. शहापूर

सकाळी ठाणे स्टेशन. आसनगाव लोकलची वाट बघताना मी ताईंना जलद मार्गाच्या बाजूचे रूळ दाखवले आणि सांगितलं की कुर्ला ते ठाणे ही पाचवी सहावी लाइन ज्या प्रकल्पात झाली त्याला जागतिक बँकेचं कर्ज होतं. त्यांना ती केस माहीत होती! त्याच प्रकल्पातल्या सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडमुळे हलवल्या जाणाऱ्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ ला बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रार केली, चौकशी झाली, आणि २००६ मध्ये बँकेने काही महिने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे रोखून धरले. आणि ते पॅनेल १९९३ ला जन्माला आलं त्यामागे नर्मदा होती. सरदार सरोवरला बँकेने १९८५ ला कर्ज दिलं, लोक लढले, बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ ला सांगितलं की पुनर्वसनाची हालत वाईट आहे, पुढच्या वर्षी भारताने उरलेलं कर्ज सोडून दिलं. म्हणजे मदत देणाऱ्याच्या दारात तक्रारपेटी बसवायला लावली ती आपल्या नंदुरबार, बडवानीच्या माणसांनी. गाडीत खिडकी मिळाली नाही पण कल्याणपर्यंत आम्ही उभ्याने हेच बोलत होतो.

आसनगावहून रिक्षा, पुढे जीप. पाड्याचं नाव लिहीत नाही. भातसाच्या बाजूला आहे एवढं सांगते. आपल्याकडे म्हण आहे ना, धरण उशाला आणि कोरड घशाला, ती बहुतेक शहापूर बघूनच कोणाला तरी सुचली असेल. तानसा १८९२ सालचं, तेव्हापासून हा तालुका मुंबईला पाणी पाजतोय. मुंबईच्या सात तलावांच्या साठ्यात एकट्या भातसाचा वाटा जवळपास निम्मा. आणि एप्रिल-मेमध्ये इथल्या पाड्यांवर टँकर. मी मुंबई महानगरातच वाढले, आमच्या घरी नळ सोडून दात घासायचे, हे मला तिथे गेलं की आठवतंच.

पाड्यावर माणसं कमी होती, वीटभट्ट्या बंद व्हायच्या बेतात होत्या पण अर्धी घरं अजून भिवंडी-कल्याणकडेच होती. ओट्यावर करवंदं आणि गुळाचा काळा चहा आला.

आता जे लिहायचंय ते अवघड आहे. पाड्याच्या तोंडाशी एक हातपंप आहे, निळा रंग उडालेला, दांडा नाही. बाजूला सिमेंटचा फलक, त्यावर देणगीदाराचं आणि आमच्या संस्थेचं नाव अजून स्पष्ट वाचता येतं. तो पंप आम्ही बसवला होता आणि त्याचा रिपोर्ट मी लिहिला होता, २७ कुटुंबांचा पाणीप्रश्न कायमचा सुटला असं वाक्य त्यात होतं, माझंच. दोन वर्षांत बंद पडला. पंचायत म्हणाली आमच्या रजिस्टरला नाही, तुम्ही संस्थेने बसवला. आमचा प्रोजेक्ट संपलेला, दुरुस्तीचं बजेट नाही. देणगीदार पुढच्या जिल्ह्यात गेलेला. म्हणजे आम्ही जाऊन पाणी दिलं नाही नुसतं, पाण्याची जबाबदारी पण कोणाचीच राहू दिली नाही. मी हे ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी काही सुनावलं नाही, फलकाचा फोटो पण काढला नाही.

मग आम्ही बायांबरोबर विहिरीवर गेलो. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१० च्या जुलैमध्ये पाणी हा मानवी हक्क मानला, त्याची मापं आहेत, माणशी दिवसाला ५० ते १०० लिटर, अंतर एक किलोमीटरच्या आत, आणि आणायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ नको. आपल्या सरकारचा स्वतःचा निकष माणशी ५५ लिटर. मी घड्याळ लावलं. जाताना १४ मिनिटं, विहिरीत पाणी झिरपायची वाट बघत २५, डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढत परत २०. मी एकच हंडा घेतला होता, अर्धा सांडला. बाया दिवसाला अशा चार खेपा करतात. घरी सहा माणसं, गुणाकार तुम्हीच करा. ताई म्हणाल्या की आमच्या केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेत ४३ व्या कलमात स्वच्छ आणि पुरेशा पाण्याचा हक्क सरळ लिहिलाय, तरी नैरोबीच्या वस्त्यांत बाया कॅनने विकतचं पाणी घेतात, लिहिलं म्हणजे मिळालं असं नाही, पण लिहिलेलं नसतं तर भांडायला कागद नसता. आपल्याकडे घटनेत पाण्याचा हक्क असा वेगळा लिहिलेला नाही, पण सुप्रीम कोर्टाने १९९१ च्या निकालात जगण्याच्या हक्कात म्हणजे २१ व्या कलमात ते धरलं.

संध्याकाळी समाजमंदिरात बसलो, बावीस-तेवीस बाया, सात-आठ पुरुष. आणि मी अडकलेच, हक्कधारक बोलायला तोंड उघडलं आणि गिळलं. मग मी विचारलं की भट्टीवर जाताना उचल घेता, ती कोण लिहितं?

सगळे एकदम बोलायला लागले. मालक लिहितो, वहीत. किती घेतले, किती फिटले, किती अंगावर राहिले. त्याच्याच वहीत, त्याच्याच हाताने, आणि हंगाम संपला तरी थोडं अंगावर राहतंच. एक मावशी, वय साठच्या पुढे, त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. वेठबिगारी बंद केल्याचा कायदा १९७६ ला आला तेव्हा त्या लहान होत्या, वडील सावकाराकडे लग्नगडी होते, लग्नाला पैसे घेतले आणि आयुष्यभर राबले. मावशी म्हणाल्या, "बाई, म्हंजे तू सांगतीस ती वही उलटी करायची. आतापर्यंत आमच्या अंगावर बाकी लिवत होते. आता आमचं येणं लिवायचं. रेशनचं येणं, पान्याचं येणं, जमिनीचं येणं. कोनाकडं बाकी हाय ते नाव टाकून."

येणं! मी अकरा वर्षं हा शब्द शोधत होते. मी ताईंना भाषांतर करून सांगताना माझा आवाज जरा कापला, खोटं कशाला बोलू.

तिथेच एका मुलीने शाळेची वही फाडून चार रकाने आखले. काय येणं, कोणाकडून, कोणत्या कागदाने, मागितलं त्याची पोच आहे का. रेशन पहिलं आलं, अंत्योदयच्या कार्डाला महिन्याला ३५ किलो, २०१३ चा कायदा, देणार तहसीलचा पुरवठा विभाग. पाच घरांना कार्डच नव्हतं, आणि ही पाच घरं म्हणजे पाड्याच्या खालच्या अंगाची कातकऱ्यांची. मीटिंगला त्यांच्यातली एकच बाई होती, दाराशी बसलेली, तिला पुढे या म्हणून कोणी म्हणालं नव्हतं, मी पण नाही. आमच्या सर्व्हेत हा पाडा शंभर टक्के कव्हर झालेला आहे. सरासरी काढली की अशी घरं गायब होतात, म्हणून आधी सगळ्यात मागे कोण बसलंय ते बघायचं, ताईंनी हे सांगायच्या आत मावशींनीच तिला पुढे बोलावलं आणि तिचं येणं पहिल्या ओळीत लिहायला लावलं.

पाण्याच्या रकान्यात वाद झाला. योजनेचे नळ दारात आलेत पण पाणी नाही. एक दादा चिडले, हक्क हक्क करत दोन वर्षं जातील, आज टँकर बंद केला तर पोरं काय पितील? बरोबर आहे त्यांचं. मला स्वतःला पण हक्कवाल्यांचं हे कधी कधी पटत नाही, की सगळं मागणीवर सोडायचं आणि ताटात काहीच वाढायचं नाही. शेवटी ठरलं ते असं की टँकर येऊ दे, पण टँकर कधी आला, किती आला ह्याची पाड्याने नोंद ठेवायची आणि दर महिन्याला ती ग्रामसभेत वाचायची, आणि नळाचा अर्ज वेगळा.

सगळं झाल्यावर ताईंनी विचारलं, आणि आमचं? आमच्याबद्दल, ह्या संस्थेबद्दल तक्रार असेल तर तुम्ही कुठे करता? कोणी बोललं नाही. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बोला ना मावशी. त्या म्हणाल्या, तुमचा पंप. तो पन लिवू का वहीत?

लिहिला. 'कोणाकडून' च्या रकान्यात आमच्या संस्थेचं नाव आहे आता.

दिवस चौथा, गुरुवार. बेलापूर

आज खरं तर ताईंचं ऑफिसात वाइंड-अप होतं, पण मावशी आणि दोघी जणी वनहक्काच्या अपिलासाठी बेलापूरला जाणार होत्या तर ताईंनी सगळं रद्द करून बरोबर यायचं ठरवलं. मावशी पहाटेच्या लोकलने ठाण्याला आल्या, नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर भेटलो आणि पनवेल गाडी पकडली.

मावशींचा दावा नामंजूर झालेला, कारण एका ओळीत, पुरावा अपुरा. आता वनहक्क कायदा २००६ चा, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कुटुंब जमीन कसत असेल तर दावा करता येतो, चार हेक्टरच्या मर्यादेत. आणि नियमात पुराव्यांची जी यादी आहे त्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पण चालतो हे स्पष्ट आहे. मावशींनी दोन म्हाताऱ्यांचे जबाब, बांधावरच्या जुन्या आंब्याचा पंचनामा, दंडाची पावती असं सगळं लावलेलं. दंडाची पावती म्हणजे कधीकाळी अतिक्रमण म्हणून भरलेला दंड, आज तोच कसत असल्याचा पुरावा. २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेमुळे अनुसूचित क्षेत्रातल्या लोकांना जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपील करता येतं, अध्यक्ष विभागीय आयुक्त, त्यांची कचेरी बेलापूरच्या कोकण भवनात, म्हणून तिथे.

ताईंनी गाडीत विचारलं की आमच्या पैशाने ह्यात काय करता येईल. मी म्हटलं, तिघींचं येण्याजाण्याचं भाडं, बुडालेली मजुरी, झेरॉक्स, आणि एक वकील. ह्याला आमच्या प्रपोजलमध्ये रकानाच नाही, हातपंपाला आहे.

कोकण भवनात फार थांबावं लागलं नाही. कारकुनाने कागद चाळले, एक सही राहिली होती ती घ्यायला सांगितली, अंगठा चालेल का विचारलं तर चालेल म्हणाला, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. त्याने मावशींना बसायला खुर्ची पण दिली, हे लिहायलाच हवं. शिक्क्याची प्रत मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, ती कापडी पिशवीत, आणि ती पदराखाली.

दुपारी बेलापूर गावात माझ्या मैत्रिणीकडे जेवलो, तिची आई आगरी, भाकरी आणि सुकटीचं कालवण. सिडको १९७० ला आली आणि ९५ गावांच्या जमिनी ह्या शहरासाठी घेतल्या गेल्या, १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात जासई-पागोटे भागात पाच जण गोळीबारात गेले, त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायचं तत्त्व आलं. काकू हे सगळं पाठ असल्यासारखं सांगत होत्या. मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तुमचं पन येणं होतं. मिळालं का सगलं?" काकू म्हणाल्या, काहींचं मिळालं, काही अजून फायली घेऊन फिरतात. मग दोघी बराच वेळ सातबारावर बोलत बसल्या, आम्हाला त्यात कोणी घेतलंच नाही.

चारच्या गाडीने ठाणे. ताईंना रात्रीचं विमान होतं. त्यांनी प्रपोजल परत केला, लाभार्थीच्या पानावर आता नुसती रेघ नव्हती, बाजूला लिहिलं होतं की तक्रारीचा मार्ग आणि पंपाची दुरुस्ती पहिल्या सहा महिन्यांत, आणि पंचायतीच्या रजिस्टरला नोंद झाल्याशिवाय नवीन काही बांधायचं नाही. सरांना ते कितपत झेपेल माहीत नाही, सोमवारी मीटिंग आहे.

मावशींना कसारा गाडीत बसवलं, गर्दी तुफान होती, पिशवी छातीशी धरून त्या दारातून आत सरकल्या. अपिलाच्या सुनावणीची तारीख अजून लागायची आहे. लागली की परत बेलापूरला जायचंय, तेव्हाचं तेव्हा लिहीन.